आठवणीच्या दारावर कोण उभं आहे?

(शिक्षक आणि पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी मानसशास्त्र शिकवते असं कुणाला कळलं की थोड्याच वेळात एक प्रश्न येतो. "आमच्या मुलाच्या लक्षातच राहत नाही हो. स्मरणशक्ती वाढवायला काय करावं?" विचारणाऱ्याच्या मनात एक समजूत पक्की असते. डोक्यात आठवणींचा साठा असतो, कुणाचा मोठा, कुणाचा लहान. आपल्या मुलाचा लहान आहे आणि काहीतरी करून तो मोठा केला पाहिजे. या समजुतीवर मोठा बाजार उभा आहे. शाळेच्या फाटकाबाहेर 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'ची, म्हणजे मेंदूचा मधला भाग जागा करून देतो असा दावा करणाऱ्या वर्गांची, पत्रकं वाटली जातात, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं दाखवतात आणि पोटाला चिमटा काढून पालक पैसे भरतात. मला त्या पालकांचा राग येत नाही. त्यांची काळजी खरी असते, समजूत मात्र चुकीच्या जागी बोट ठेवते. बोट कुठे ठेवायला हवं, हे आज एका शास्त्रज्ञाच्या कामातून सांगायचं आहे.

एडवर्ड व्होगेल हे शिकागो विद्यापीठात काम करतात. लक्ष देणं, मनात धरणं, आठवणं ही कामं मेंदू कशी करतो, हा त्यांचा विषय. त्यांचं जे काम मी सांगणार आहे त्याची सुरुवात १९९७ मध्ये झाली. तेव्हा ते आयोवा विद्यापीठात स्टीव्हन लक यांचे विद्यार्थी होते आणि दोघांनी मिळून 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला मुख्य प्रयोग इतका साधा आहे की पाचवीतलं मूलही तो करू शकेल.

पडद्यावर काही रंगीत चौकोन येतात, सेकंदाच्या दहाव्या भागापुरते. मग पडदा कोरा होतो, ९०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला थोडा कमी. पुन्हा चौकोन येतात. या वेळी ते जसेच्या तसे असतात, किंवा त्यांतल्या एकाचा रंग बदललेला असतो. आपण एवढंच सांगायचं: तेच आहे, की वेगळं?

चौकोन एक, दोन किंवा तीन असले तर जवळपास कुणी चुकत नाही. चारापासून चुका सुरू होतात आणि बारापर्यंत त्या वाढत जातात. हिशेब मांडला तर माणूस एका वेळी तीन-चार वस्तूच मनात धरतो असं निघतं. आता कुणी म्हणेल, लोक मनातल्या मनात 'लाल, निळा, हिरवा' असं घोकत असतील, मग हे डोळ्यांच्या आठवणीचं मोजमाप कसं? ही शंका त्यांनाही होती. म्हणून प्रयोगाच्या वेळी त्यांनी लोकांना दोन आकडे घोकत राहायला लावलं. जीभ आकड्यांत अडकली, तरी चौकोनांचा निकाल बदलला नाही.

चारच वस्तू ऐकून मन खट्टू होतं. आपल्यासमोर इतकं जग पसरलेलं आहे आणि त्यातलं मुठीत मावतं ते एवढंसं. पण ही मर्यादा कोणत्या आठवणीची आहे ते नीट पाहू या. मानसशास्त्रात हिला वर्किंग मेमरी म्हणतात. मूल फळ्याकडे बघतं, खाली मान घालून वहीत लिहितं आणि पुन्हा वर बघतं. त्या मान खाली-वर होण्याच्या मध्ये फळ्यावरचं जे काही मनात टिकतं, ते या आठवणीत असतं. रस्ता ओलांडताना उजवीकडे पाहून डावीकडे वळलो, तर उजवीकडून येणारी रिक्षा किती लांब होती हे इथेच धरलेलं असतं. काम झालं की ते पुसलं जातं. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या आठवणीची गोष्ट वेगळी.

ती किती वेगळी आहे, हे एमआयटीत ओड ऑलिव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं. त्यांनी १४ जणांना २,५०० वस्तूंची चित्रं दाखवली. एकेक चित्र तीन सेकंद, आणि हे सगळं सुमारे साडेपाच तास चाललं. नंतर चित्रांच्या जोड्या दाखवून विचारलं, यांतलं आधी पाहिलेलं कोणतं? जोडीतली दुसरी वस्तू अगदीच नवी असेल तर ९२ टक्के उत्तरं बरोबर आली. इथवर ठीक. पण दुसरी वस्तू त्याच जातीची असेल, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या एका कपाशेजारी भलताच कप ठेवला असेल, तरी ८८ टक्के बरोबर. आणि तीच वस्तू, फक्त वेगळ्या अवस्थेत दाखवली, एकीकडे भरलेली आणि दुसरीकडे अर्धी रिकामी अशी, तरी ८७ टक्के. ही चित्रं पाहणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखी साधी माणसं होती. अडीच हजार वस्तू, त्याही बारकाव्यांसकट!

म्हणजे साठ्याला तोटा नाही. तुमच्या वर्गातल्या सगळ्यात 'विसरभोळ्या' मुलालाही आवडत्या मालिकेतली पात्रं, क्रिकेटचे धावफलक, गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या अंगावरचे ठिपके माहीत असतात. अडचण साठ्यात नसेल तर ती त्याच्या अलीकडे असणार, जिथून गोष्टी आत येतात तिथे. व्होगेल यांचं खरं काम इथून पुढचं आहे.

ते पुढे ओरेगॉन विद्यापीठात गेले. २००४ मध्ये मारो माचिझावा या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी चौकोनांचाच प्रयोग केला, पण या वेळी माणसाच्या डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारी, टोपी होती. मेंदूतल्या पेशींच्या कामामुळे डोक्याच्या त्वचेवर अगदी क्षीण विद्युतदाब उमटतो, व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावा लागेल इतका. एकदा मोजून हाती काही लागत नाही. तीच कृती शेकडो वेळा करून सरासरी काढली की गोंगाटातून एक सूर वेगळा होतो.

त्यांनी केलेली युक्ती फार सुंदर आहे, म्हणून जरा थांबून सांगते. डोळ्यांपुढच्या दृश्याचा डावा अर्धा भाग मेंदूच्या उजव्या बाजूला पोचतो आणि उजवा भाग डाव्या बाजूला. म्हणून त्यांनी पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच चौकोन ठेवले आणि आधी एक बाण दाखवला: या बाजूचे लक्षात ठेवा. डोळे मधोमध स्थिर. आता मेंदूच्या दोन्ही बाजूंना दिसतंय तेवढंच आणि तसंच, लक्षात ठेवायचं आहे ते मात्र एकाच बाजूचं. दोन्ही बाजूंच्या लहरींची वजाबाकी केली की पाहण्याचं काम दोन्हीकडून उडून जातं आणि मनात धरण्याचं काम तेवढं उरतं. पडदा कोरा असताना, समोर काहीही नसताना, ही उरलेली लहर चालूच राहते. एक वस्तू धरली असेल तर ती लहान असते, दोन धरल्या तर वाढते, तीन धरल्या तर आणखी. त्यानंतर वाढायची थांबते. समोर आठ चौकोन असले तरी लहर तीन-चारांच्या आसपासच अडते. आणि ज्याची लहर ज्या आकड्याला अडते, त्या माणसाची चौकोनांच्या प्रयोगातली क्षमताही साधारण तेवढीच निघते. कोऱ्या पडद्याकडे बघणाऱ्या माणसाच्या मनात या क्षणी किती वस्तू आहेत, हे बाहेरून मोजता येऊ लागलं. मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यातल्या आलेखाकडे बराच वेळ बघत राहिले होते.

हा निबंध 'नेचर'च्या ज्या अंकात आला, त्याच अंकात जे. जे. टॉड आणि रेने मारवा यांचाही निबंध होता. त्यांनी एफएमआरआय, म्हणजे मेंदूत कुठे काम चाललं आहे ते रक्तप्रवाहावरून दाखवणारं यंत्र, वापरून हीच मर्यादा मेंदूच्या मागच्या-वरच्या भागात, पार्श्विक खंडातल्या एका भेगेत, टिपली होती. दोन वेगळी यंत्रं, दोन वेगळ्या प्रयोगशाळा आणि निकाल मात्र एकमेकांशी जुळणारा.

आता आजच्या विषयाच्या गाभ्यापाशी येऊ. मोजायचं साधन हाती आल्यावर व्होगेल, अँड्र्यू मॅककॉलो आणि माचिझावा यांनी २००५ मध्ये एक साधा प्रश्न विचारला. ज्यांची क्षमता कमी दिसते, त्यांच्या मनात खरोखर कमी वस्तू असतात का?

या वेळी चौकोनांऐवजी पट्ट्या होत्या, काही लाल आणि काही निळ्या. सूचना अशी: लाल पट्ट्या कशा कलल्या आहेत तेवढं लक्षात ठेवा, निळ्यांकडे लक्ष देऊ नका. कधी दोन लाल पट्ट्या आल्या, कधी चार लाल, आणि कधी दोन लाल व दोन निळ्या. या तिसऱ्या वेळी मनात दोनच असायला हव्यात. ज्यांची क्षमता जास्त, त्यांची लहर खरोखर दोनांइतकीच राहिली. ज्यांची क्षमता कमी, त्यांची लहर जवळपास चारांइतकी वर गेली!

हे ऐकून क्षणभर थांबा. ज्यांना आपण 'कमी लक्षात राहणारे' म्हणतो, त्यांच्या मनात त्या क्षणी इतरांपेक्षा जास्त वस्तू होत्या. नको असलेल्या निळ्या पट्ट्याही त्यांनी आत घेतल्या होत्या. जागा निळ्यांनी अडवली आणि लालसाठी ती कमी पडली.

यानंतर तीन वर्षांनी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये फियोना मॅकनॅब आणि टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी पाहिलं की 'आता गाळायचं आहे' अशी सूचना मिळताच मेंदूच्या पुढच्या भागात आणि खोलवरच्या बेसल गँग्लियामध्ये हालचाल वाढते. ती ज्यांच्यात जास्त, ते नको ते आत कमी घेतात. या शोधावर व्होगेल आणि त्यांचे सहकारी एडवर्ड ऑ यांनी एक टिपण लिहिलं आणि त्याला मथळा दिला, मेंदूतला बाउन्सर. दारावर उभा राहून कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही हे ठरवणारा. आत जागा सगळ्यांकडेच थोडी आहे. फरक बराचसा पडतो तो दारावरच्या माणसामुळे. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर हा दारावरचा माणूस न्या.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आतल्या जागेचं स्वरूप नेमकं कसं आहे, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. लक आणि व्होगेल मानतात की आत ठरावीक तीन-चार खाचा आहेत, वस्तू खाचेत बसते नाहीतर बसत नाही. तेव्हा लंडनमध्ये काम करणारे पॉल बेज आणि मसूद हुसेन यांनी २००८ मध्ये वेगळं मांडलं: खाचा नाहीत, एकच साधन आहे आणि ते सगळ्या वस्तूंत वाटलं जातं. वस्तू वाढल्या की प्रत्येकीची आठवण धूसर होते. दोन्ही बाजूंचे पुरावे दमदार आहेत. पण या वादाचा निकाल कसाही लागो, दारावरच्या कामाचं महत्त्व कमी होत नाही. साधन वाटून घ्यायचं असेल तर निळ्या पट्ट्यांना वाटा मिळू नये, हे तेव्हाही लागू पडतं.

या कामाला पुढे आणखी दोन धागे जोडले गेले. शिकवणाऱ्यांसाठी ते मला पहिल्या प्रयोगापेक्षाही मोलाचे वाटतात.

पहिला धागा व्होगेल यांनी केइसुके फुकुदा यांच्याबरोबर केलेल्या कामाचा. काहीतरी डोळ्यांत भरणारं समोर आलं की लक्ष तिकडे ओढलं जातं, हे कमी क्षमतेच्या लोकांमध्येच होतं का? नाही, सगळ्यांचंच लक्ष ओढलं जातं. जास्त क्षमतेचा माणूस मात्र लगेच सुटून परत कामावर येतो, कमी क्षमतेचा तिथेच रेंगाळतो. हा फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा असतो, पण तो दिवसभर, प्रत्येक आवाजाला, खिडकीबाहेरच्या प्रत्येक हालचालीला साचत जातो. 'लक्ष जाऊ देऊ नकोस' असं आपण मुलांना सांगतो, आणि ते कुणालाच जमण्यासारखं नाही. 'गेलं तर गेलं, परत ये' हे शिकवता येण्यासारखं आहे.

दुसरा धागा २०१५ चा, कर्स्टन अ‍ॅडम आणि इतरांबरोबरचा. यात सहा चौकोन दाखवून सहाही रंग सांगायला लावले. एकेका माणसाचे एकेका वेळचे निकाल वेगवेगळे ठेवले, सरासरी काढून मिसळून टाकले नाहीत. तेव्हा दिसलं की ज्यांची क्षमता कमी म्हणून नोंदली गेली होती, तेही अनेकदा तीन रंग बरोबर सांगत होते, चांगल्या लोकांसारखेच. पण मधूनच एखाद्या वेळी त्यांचं एकही उत्तर बरोबर येत नसे, किंवा एकच येई. त्या क्षणी लक्षच नव्हतं. असे निसटलेले क्षण त्यांच्यात जास्त होते आणि त्यांनी सरासरी खाली ओढली होती. मग २०१९ मध्ये मेगन डिबेटनकोर्ट यांनी या निसटण्याच्या क्षणावरच बोट ठेवलं. लोकांना एक कंटाळवाणं बटण दाबायचं काम दिलं. लक्ष निसटायला लागलं की माणूस यंत्रासारखा, गरजेपेक्षा भरभर बटण दाबू लागतो. संगणक हा वेग त्या त्या क्षणी मोजत होता, आणि वेग वाढला की लगेच मनात काय धरलं आहे ते विचारत होता. अशा वेळी लोकांनी कमी वस्तू सांगितल्या. त्याच माणसाला लक्ष जागेवर असताना विचारलं, तर जास्त.

पालकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. मुलाची 'स्मरणशक्ती कमी आहे' हे वाक्य त्याच्या कपाळावर गोंदवल्यासारखं आपण बोलतो. त्याच मुलाला दहा मिनिटांपूर्वी विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. क्षमता क्षणाक्षणाला वर-खाली होते, आणि मूल एका पडत्या क्षणी काय बोललं त्यावरून आपण त्याची पूर्ण किंमत करतो. याचा मला खरोखर त्रास होतो.

आता वर्गात येऊ. ब्रिटनमध्ये सुसान गॅदरकोल यांनी वर्षानुवर्षं वर्गातल्या वर्किंग मेमरीचा अभ्यास केला आहे. त्यांना दिसलं की ही आठवण कमकुवत असलेल्या मुलांचं वर्णन शिक्षक बहुतेक वेळा 'लक्ष देत नाही', 'सांगितलेलं ऐकत नाही' असंच करतात. मूल हट्टी नसतं. सूचना मध्येच हातातून सुटलेली असते. आपल्या सूचना कशा असतात ते आठवा. "वह्या काढा, मागच्या पानानंतर नवीन पानावर समास आखा, तारीख घाला, आणि पाचवं, सहावं, आठवं गणित सोडवा, सातवं राहू द्या." यात किती वस्तू झाल्या मोजा. त्यातलं 'सातवं राहू द्या' तर निव्वळ निळी पट्टी आहे. आपणच ती आत ढकलली. समास आखून होईपर्यंत थांबून पुढचं सांगितलं, आणि गणितांचे आकडे फळ्यावर लिहून ठेवले, तर त्या मुलाला ते डोक्यात धरून बसावं लागत नाही. याला पैसे लागत नाहीत, आणि ज्या मुलांना याची गरज नाही त्यांचंही काही बिघडत नाही.

मग भिंतींचा विषय. हा मी थोडा भीतभीतच काढते, कारण इथे बसलेल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून रंग आणून वर्गाच्या भिंती बोलक्या केल्या आहेत. मुळाक्षरं, पाढे, फळं, नकाशे, सुविचार. ज्या घरांत एकही पुस्तक नसतं, त्या घरांतल्या मुलांना या भिंतींनी वाचायला लावलं. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अ‍ॅना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या २४ मुलांना विज्ञानाचे छोटे पाठ शिकवले, काही भरगच्च सजवलेल्या वर्गात आणि काही मोकळ्या भिंतींच्या वर्गात. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष पाठावरून जास्त वेळ उडालेलं होतं. चाचणीत तिथले गुण ४२ टक्के आले, मोकळ्या वर्गात ५५ टक्के. मुलं तीच होती.

चोवीसच मुलं, तीही एका परदेशी शहरातली आणि प्रयोगासाठी सजवलेल्या वर्गातली. यावरून सगळ्या भिंती पुसा असं मी मुळीच म्हणणार नाही. लहान मुलांचा बाउन्सर अजून कोवळा असतो, मेंदूचा पुढचा भाग तारुण्यापर्यंत घडत राहतो, हे मात्र पक्कं माहीत आहे. म्हणून माझं सुचवणं एवढंच: फळ्याची भिंत मोकळी ठेवा. शिकवताना मुलाच्या नजरेच्या टप्प्यात फळा, तुम्ही आणि आजचा विषय एवढंच असू द्या. पाढे मागच्या भिंतीवर, चित्रं बाजूला किंवा व्हरांड्यात. भिंत बोलकी असावी, पण गुरुजी बोलत असताना तिनं गप्प बसावं.

पालकांसाठीही तेच. अभ्यासाचं टेबल भिंतीकडे तोंड करून ठेवणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे.

आता प्रश्नांकडे वळते. व्याख्यानाआधी काही चिठ्ठ्या आल्या आहेत.

एका आजोबांनी विचारलं आहे: "आपल्याकडे शतावधानी असत. शंभर गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवत. मग चारची मर्यादा कशी खरी?" फार चांगला प्रश्न आहे. महात्मा गांधींनी आत्मकथेत लिहिलं आहे की १८९१ मध्ये इंग्लंडहून मुंबईला परतले त्याच दिवशी त्यांची रायचंदभाईंशी, म्हणजे श्रीमद राजचंद्रांशी, ओळख झाली. राजचंद्र शतावधानी म्हणून प्रसिद्ध होते. गांधींनी आपल्याला येणाऱ्या युरोपीय भाषांतले शब्द लिहून काढले आणि ते वाचून दाखवले. राजचंद्रांनी ते त्याच क्रमानं परत म्हणून दाखवले. ही क्षमता विलक्षणच होती. पण शतावधानात शंभर गोष्टी एकाच क्षणी मनात धरलेल्या नसतात. एकेक गोष्ट येते, पूर्ण लक्षानं घेतली जाते आणि कायमच्या आठवणीत नीट जागेवर ठेवली जाते. लागेल तेव्हा तिथूनच ती उचलली जाते. अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी १९८० च्या सुमारास एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याला आकडे लक्षात ठेवण्याचा सराव दिला. सुरुवातीला तो सात आकडे सांगत असे. सव्वादोनशेहून जास्त तासांच्या सरावानंतर जवळपास ८० आकडे सांगू लागला. तो धावपटू होता आणि आकडे धावण्याच्या वेळा म्हणून लक्षात ठेवत होता. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर तो पुन्हा सहा-सातावर आला. दार तेवढंच राहिलं होतं. आत आलेलं कुठे ठेवायचं ती व्यवस्था त्यानं उभारली होती, आणि ती आकड्यांपुरतीच होती. म्हणूनच 'स्मरणशक्ती वाढवण्याच्या' खेळांवर पैसे घालताना जपा. खेळातले गुण नक्की वाढतात. त्यामुळे गणित किंवा वाचन सुधारतं, हे अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलेलं नाही.

दुसरी चिठ्ठी मोबाइलची. ती असणारच होती! २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी एकाच वेळी अनेक माध्यमं वापरणाऱ्या लोकांना हाच लाल-निळ्या पट्ट्यांचा प्रयोग दिला, आणि निळ्या पट्ट्या वाढल्या तसे ते घसरले. ही बातमी जगभर गाजली. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम फार क्षीण निघाला, काही ठिकाणी निघालाच नाही. म्हणून 'मोबाइलनं मुलांच्या मेंदूचं दार मोडलं' असं मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा नाही. अभ्यासाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा, हे मी जरूर म्हणेन. त्यासाठी मेंदू बिघडायची वाट पाहावी लागत नाही. वाजणारी प्रत्येक सूचना लक्ष ओढते, आणि परत यायला वेळ लागतो.

शेवटचा प्रश्न एका तरुण शिक्षिकेचा आहे. "मुलाचे डोळे फळ्याकडे असले म्हणजे लक्ष आहे असं समजायचं का?" नाही, तसं समजता येत नाही. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की डोळे एका बिंदूवर खिळवून ठेवून लक्ष मात्र बाजूला नेता येतं. २०१३ मधलं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. हार्वर्डशी संलग्न प्रयोगशाळेत ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ अनुभवी रेडिऑलॉजिस्टना छातीचे सीटी स्कॅन दिले आणि फुप्फुसातल्या गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचं चित्र घुसवलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदल्या जात होत्या, त्यावरून कळलं की या २० पैकी १२ जणांची नजर थेट त्या गोरिलावर गेली होती. ही माणसं निष्काळजी नव्हती. ती गाठी शोधण्यात बुडालेली होती आणि दारावर गाठींचंच वर्णन देऊन ठेवलेलं होतं.

तेव्हा डोळ्यांवरून ओळखायला जाऊ नका. दहा-बारा मिनिटं शिकवून झालं की थांबा, एक छोटा प्रश्न विचारा आणि सगळ्यांना पाटीवर उत्तर लिहून पाटी वर धरायला सांगा. एकट्यादुकट्याला उठवून विचारलं तर ज्याला येतं तोच हात वर करतो, आणि उरलेल्यांच्या मनात काय आहे ते कळतच नाही. सगळ्या पाट्या एकदम वर आल्या की कुणाच्या मनात लाल पट्टी आहे आणि कुणाच्या निळी, हे तुम्हाला तिथल्या तिथे दिसेल. निम्म्या पाट्या चुकीच्या असतील तर तो भाग लगेच पुन्हा घ्या, जरा सावकाश, एकेक पायरी करत. दोन-तीन पाट्याच चुकीच्या असतील तर त्या मुलांना पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.